लाल सांधे

थोरल्यानं फाटकं जाळं आईच्या पुढ्यात आपटलं आणि खिशातून अर्ज काढला.

"आता तरी सही कर. परवा त्या खडकावर फाटलं, आज परत फाटलं! सगळ्या बोटमालकांनी सह्या दिल्या की बंदरातले साहेब तो खडक सुरुंगानं उडवणार आहेत. एकट्या तुझ्यामुळं अडलंय."

बोट आईच्या नावावर होती, आणि आई कुणाच्या घाईला भीक घालणारी नव्हती. तिनं चष्मा नाकावर चढवला, जाळं मांडीवर ओढलं आणि लाल दोरा शोधायला लागली.

खिडकीपाशी धाकटी ओल्या केसांनी चहा पीत होती. समुद्रात बुडी मारून मासे मोजायची तिची नोकरी. पकडायचे नाहीत, नुसते मोजायचे! यावर घरादारानं हसून घेतलं होतं.

"दादा, आत्ताच बघून आलेय," ती म्हणाली. "नुसत्या वाळूवर चार जातींचे मासे. खडकापाशी एक्केचाळीस! कपारीकपारीत बोटाएवढी पिल्लं लपलीत. खडक गेला तर ती जगतील कुठं?"

"पिल्लं काय चाटायचीत? मला मोठे मासे हवेत."

"हो बाबा! तू तर मिशा घेऊनच जन्माला आलास," आई म्हणाली. धाकटीला ठसका लागला.

"हसा! जाळं माझं फाटतं ना!"

"खडक एवढा वाईट, तर रोज त्याच्याच कडेला का जातोस रे? बाकी समुद्र काय आटलाय?" आईनं विचारलं.

थोरला अर्जाच्या कडा सरळ करत राहिला.

आईनं जाळं पसरलं. खडकानं फाडलं की ती लाल दोऱ्यानंच सांधायची. निळ्या जाळ्यात जिकडेतिकडे लाल सांधे होते.

"हे फाटलं त्या दिवशी बोटीत मासळीमुळं बसायला जागा उरली नव्हती. त्यातून घरावर छप्पर आलं. हा सांधा हिच्या शिक्षणाचा. आणि हा..."

तिचं बोट एका जुन्या, वीतभर सांध्यावर थांबलं. तो थोरल्याला सांगावा लागला नाही. त्याची मुलगी दवाखान्यात होती, त्या आठवड्यातला होता तो. आता ती शाळेत उड्या मारत जाते.

"फाडतो, खरंय," आई म्हणाली. "पण रिकाम्या हातानं कधी पाठवलं का त्यानं? तुमचे बाबा गेल्यावर त्यानंच तारलं मला. त्याला सुरुंग लावायला मी सही करू?"

थोरल्यानं अर्जाची उभी घडी घातली, आणखी एक घातली. मग तो आईसमोर फतकल मारून बसला आणि जमिनीवर गुंता होऊन पडलेला लाल दोरा त्या घडीवर गुंडाळायला लागला.

"दोरा पुरेल ना गं?" त्यानं मान वर न करता विचारलं. "उद्या परत तिकडेच जायचंय."