दुसरी बाही

"थांब आई, लिहून घेतो. मॅडम नक्की काय म्हणाल्या?"

आईनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पुन्हा सांगितलं. मॅडम म्हणाल्या, हा पोशाख अर्धवटच दिसायला हवा. त्यावर ती म्हणाली, मग शिवायचा तरी कशाला, कापड तसंच गुंडाळून पाठवू.

मुलगा खो खो हसला. पलीकडून टाइप केल्याचा टकटक आवाज आला.

तो दूरच्या शहरात टीव्हीसाठी मालिका लिहायचा. आधीच्या दोन तोंडावर आपटल्या होत्या. तेव्हा त्याचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. बरी आहेस ना, औषधं घेतेस ना, ठेवतो. मग एकदा बोलता बोलता आईनं त्याला बाहीची गोष्ट सांगितली. बावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवल्यावर तिला या मॅडमच्या फॅशन हाउसमध्ये काम मिळालं होतं. तिथं तिच्या टेबलावर एक झगा आला, एकाच बाहीचा. कोणाच्या तरी हातून राहिली असेल, असं समजून तिनं जेवणाच्या सुट्टीत दुसरी बाही बेतली, शिवली, वर इस्त्रीही मारली.

त्या एका बाहीवर त्याची मालिका उभी राहिली. गणवेश शिवणारी साधी बाई आणि भोवती फॅशनची चकचकीत दुनिया. लोकांनी ती डोक्यावर घेतली. तेव्हापासून दर रविवारी दहाच्या ठोक्याला फोन वाजायचा आणि चांगला तासभर चालायचा. आई साडेनऊपासूनच खुर्ची ओढून बसलेली असायची.

"कामावर जेवायला अजून एकटीच बसतेस?" त्यानं विचारलं.

"एकटी कुठे? कपड्यांचे पुतळे असतात की. त्यांना मुंडकी नाहीत, म्हणून कोणी तोंड फिरवत नाही."

या वेळी तो हसला नाही. टकटक मात्र सुरू झाली.

तेवढ्यात शेजारीण उसवलेली उशीची खोळ घेऊन आली. आईनं तिला खुणेनंच बसायला सांगितलं.

मुलाकडे बातमी होती. मालिका आणखी वर्षभर चालणार होती. नायिकेचं काम करणाऱ्या नटीला एक दिवस आईशेजारी बसून काम पाहायचं होतं. तिला घेऊन तो स्वतः येणार होता, दोन वर्षांत पहिल्यांदाच.

तो आला तर काय काय करायचं, हे आईनं दोन वर्षं मनात घोळवलं होतं.

"नको रे," ती म्हणाली. "मॅडम परक्या माणसाला दारातसुद्धा उभं करत नाहीत."

"बरं, राहू दे मग. तसाही वेळ कुठे आहे." तो लगेच मानला. "पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी."

फोन ठेवून तिनं खोळ हातात घेतली आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोन वेळा चुकला. शेजारणीनं सुई तिच्या हातातून घेतली, दोरा ओवून परत दिली.

"येऊ द्यायचंस गं त्याला. मॅडमनी तुला तिसऱ्या दिवशीच कामावरून काढून टाकलं, हे कधीतरी सांगावं लागेलच ना?"

"सांगेन की," आई म्हणाली. "मालिका संपू दे."