पुणं काय पोरीचं गाव हाय?

"पुणं काय पोरीचं गाव हाय का, बंकट?" विठ्ठलराव बाजेवर टेकत म्हणाले.

बंकट समोर उकिडवा बसला. मालकांनी त्याच्या अंगणात आजवर पाय ठेवला नव्हता. बंकटची मेंढरं त्यांच्या रानात बसायची, त्यांच्या विहिरीवर पाणी प्यायची. काही सांगायचं असलं तर मळ्यातून निरोप यायचा. आज ते स्वतः आले होते, आणि त्याच्या बायकोनं, रतनबाईनं पुढं केलेला चहासुद्धा त्यांनी नको म्हटला नाही.

"खोलीला काय देती पोरगी?"

"चौघी मिळून ऱ्हात्यात, मालक. तरीबी निम्मा पगार जातो."

"बघ. मंग उरलेल्यात खायाचं काय आन् तुला धाडायचं काय? रिक्षाला परवडत न्हाई म्हनून रातच्याला एकली चालत जाती. आपलं लेकरू हाय म्हनून जीव तुटतो रे."

बंकटनं मान हलवली. पोरगी, शिवकन्या, चालत जाते हे त्यानं गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्याशिवाय तिनं ते फक्त पोलिसांपुढं जबाबात सांगितलं होतं.

शिवकन्या पुण्यात एका उशिरापर्यंत चालणाऱ्या हॉटेलात गल्ल्यावर बसायची. मागच्या पंधरवड्यात तिथं लखन आला. लखन म्हणजे विठ्ठलरावांचा मुलगा. परीक्षेचा क्लास लावतो म्हणून पुण्याला गेला तो तिथंच फ्लॅट घेऊन राहिला होता. दोस्तांबरोबर प्यायला बसला असताना त्यानं तिला ओळखलं. हॉटेल बंद झाल्यावर ती खोलीकडं निघाली, तर त्याची गाडी तिच्या बाजूनं हळूहळू चालू लागली. "गावचीच हायेस की. बस, सोडतो." ती बसली नाही. तेव्हा तो खाली उतरला आणि दंडाला धरून तिला गाडीत ओढू लागला. ती ओरडली. कोपऱ्यावरचा भुर्जीवाला हातातलं उलथनं घेऊन धावत आला. कुठला कोण, तिला त्याचं नावही माहीत नव्हतं. तोच तिला पोलीस चौकीत घेऊन गेला.

"चुकी कुनाची, ते मी म्हनतच न्हाई," विठ्ठलराव म्हणाले. अंगणात बसल्यापासून त्यांनी लखनचं नाव घेतलं नव्हतं. "तरणी पोरं, पेलेली. तिनं तेवढी तक्रार मागं घेऊ दे. हिकडं आपल्या शाळेत लावतो तिला. घरचं खाईल, घरी निजंल. कशाला पायजे ते भाडं न् त्या राती? माझ्या नजरेखाली ऱ्हाईल. लखनबी आता हिकडंच यायलाय कायमचा."

घरात रतनबाई भांडी घासत होती. तो आवाज थांबला.

"लाव फोन," विठ्ठलराव म्हणाले. "माझ्यासमोर सांग तिला. मोठ्यानं लाव."

बंकटनं फोन लावला आणि बाजेच्या कडेला ठेवला.

"आबा? जेवलाव का?"

"शिवे, मालक आल्यात घरी."

तिनं हळूच विचारलं, "कावून?"

"तुला माघारी बोलवत्यात. म्हनत्यात, पोरीनं तिकडं एकटं ऱ्हानं बरं न्हाई."

बंकटला वाटलं, ती भडकेल. चौकीतून फोन केला तेव्हा कशी तडतडा बोलत होती. पण आता तिचा आवाज लहान झाला होता.

"आबा, लई भ्या वाटतंय मला. गाडी हळू झाली तरी छातीत धस्स व्हतंय. कडी लावली तरी झोप न्हाई लागत. मी येऊ का घरी?"

विठ्ठलरावांनी चहाचा घोट घेतला. "बघ," ते म्हणाले. "लेकराच्याबी मनात तेच हाय."

बंकटनं गल्लीकडं पाहिलं. विठ्ठलरावांची गाडी येऊन थांबली तशी समोरची दारं एकेक करून लागली होती. समोरच्या अंगणात तांदूळ निवडत बसलेली छबुबाई सूप तिथंच टाकून आत गेली होती. सगळ्यांना माहीत होतं. कुणीच काही विचारलं नव्हतं.

"न्हाई," बंकट म्हणाला.

"आबा?"

"न्हाई. तू हितं येऊ नको." तो फोनकडं वाकला. "तिथं एक मानूस उलथनं घिऊन धावला, पोरी. हितं कोन धावंल?"

विठ्ठलरावांनी कप खाली ठेवला. "बंकट, इचार करून बोल."

"केला, मालक."

"हे मेंढरांचं बिऱ्हाड घिऊन कुठं जानार हाईस?"

बंकटची नजर खाली होती, पण तो बसल्या जागेवरून हलला नाही.

विठ्ठलराव उठले. त्यांनी पायात चपला सरकवल्या. आवाज न चढवता म्हणाले, "उद्यापास्नं माझ्या हिरीवर येऊ नको. रानातबी न्हाई." आणि चालू लागले.

गाडी वळून गेली. दारं उघडली नाहीत. रतनबाई ओल्या हातांनी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. फोन चालूच होता. ती फोनकडं बघत होती, बंकटही बघत होता, पण हात पुढं कुणी केला नाही.

"आबा?" फोनमधून आवाज आला. "दिवाळीलाबी येऊ नको का?"