एकतीस झेंडू

अडतीस साली अमरावतीच्या मैदानावर कामठीच्या पलटणीशी हॉकीचा अंतिम सामना होता. अमरावतीचा एकही सामना न चुकवणारी फुलवाली पार्बताबाई आपल्या गोलामागे टोपली घेऊन बसली होती. सारं मैदान ओरडत होतं आणि ही सुईने झेंडू ओवत होती.

"खेळ पाहाले आली का धंदा कराले?" शेजारच्या रामरावांनी टोमणा मारला.

तिने मैदानावरची नजर हटवली नाही. हात मात्र मधूनमधून टोपलीत जात होता.

अगदी शेवटी पलटणीने गोल केला. अमरावती एका गोलाने हरली. लोक गुपचूप घराकडे निघाले. आपला गोलकीपर गोवर्धन खांबाला टेकून खाली बसला. पार्बताबाईने कमरेपर्यंत पोचणारी ती माळ त्याच्या गळ्यात घातली.

"काहून मावशी? माह्यामुळंच तं हरलो आपण."

"एक गेला, तो साऱ्या गावानं पाह्यला. तू अडवला का मी एक फूल ओवत होती. मोज आता."

मोजायला रामरावच वाकले. मग निघालेल्या गर्दीमागे धोतर सावरत धावले, "अबे थांबा! एकतीस अडवले आपल्या पोरानं, एकतीस!"