शेवटच्या बांधीचा पासवर्ड

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी चेतनाने पाचव्यांदा बटण दाबले आणि पाचव्यांदा पडद्यावर तीच सूचना आली: बदल करण्याची परवानगी नाही.

केशोरीकडच्या एका गावातल्या पाणीवाटप संस्थेत ती तीन महिन्यांपूर्वी संगणक ऑपरेटर म्हणून लागली होती. पाच वाजता पाण्याच्या पाळ्यांची यादी फलकावर लावायची होती. पहिली पाळी धुरपताबाईची, तिची बांधी, म्हणजे धानाचे खाचर, तलावापासून सर्वांत दूर. सातवी पाळी अध्यक्ष दुधराम यांची. दुधरामांना तिच्याशी अदलाबदल हवी होती. तलावात पाणी पाच पाळ्यांपुरतेच उरले होते.

"काऊन अडली तू?" टेबलाशी उभे असलेले दुधराम म्हणाले. "माझं धान निसवून राहिलं, आता पाणी नाही भेटलं त दाणा भरत नाही. नाव वर सरकवाचं आहे, डोंगर नाही सरकवाचा. नसन जमत त सांग, गोंदियाचा माणूस बोलावतो."

गोंदियाचा माणूस आला की तोच खुर्चीत राहील, हे चेतनाला कळत होते. तिने बंद पडलेल्या जुन्या संगणकाच्या डिस्कमधून वापरकर्त्यांची फाइल काढली. नवा संगणक आला तेव्हा ती आणायची राहून गेली होती. फाइल जोडताच डेटाबेसने नाव विचारले. ऑपरेटर म्हणून ती आत गेली आणि परवानग्यांचे पान उघडले. अध्यक्ष: फक्त वाचणे. सचिव: वाचणे, छापणे. पाळी बदलणे: एकच नाव, धुरपता.

धुरपताबाईने आयुष्यात संगणकाला हात लावला नव्हता. चेतनाने लीलाधरसरांना स्पीकरवर फोन केला. डेटाबेस त्यांनीच बांधला होता. सचिवपद सोडून ते आता चिचगडला मुलाकडे राहत होते.

"सर, चूक सापडली. तुमी धुरपताबाईले ॲडमिन करून ठेवलं."

"चूक नाही ते, पोरी. कागदाच्या काळापासून हेच चालत आलं. ज्याले पाळी बदलाची, त्यानं शेवटच्या बांधीवर जाऊन विचाराचं. मशीन आली म्हणून रीत कायले मोडाची? पासवर्ड तिले पाठ आहे."

दुधराम हसले. "एवढंच? ते त माझी मावसबहीण. आत्ता आणतो." त्यांनी मोटरसायकलला किक मारली.

चेतनाने डबा उघडला आणि ती सावकाश जेवली. बिघाड तिने एकटीने शोधला होता.

साडेतीनला दुधरामांचा फोन आला.

"बाईनं लगेच सांगतला पासवर्ड. एका शब्दानं नाही म्हटलं नाही."

"सांगा काका, टाइप करून राहिली मी."

"इथं बांधीले भेगा पडल्या, पोरी. हात जाते आतमध्ये."

"पासवर्ड, काका?"

फोनमध्ये मागे धुरपताबाई म्हणत होती, "भाऊ, उन्हात काऊन उभा आहेस? चहा मांडला ना."

पाच वाजले तरी पासवर्ड संस्थेत पोहोचलेला नव्हता; चेतनाने यादी होती तशीच फलकावर लावली.