नुसतं मटण

"भाकरीनं पोट सुटतं, आबा," रणधीर नळी चोखत म्हणाला. मोबाईलवरच्या कुणा व्हिडिओवाल्याचं ऐकून गणपती झाल्यापासून तो नुसतं मटण आणि अंडी खात होता.

"आणि नुसत्या मटणानं किडनी जाते," आबा खेकसले. "त्या व्हिडिओवाल्याला विचार, सकाळी पोट तरी साफ होतं का बाबा तुझं!"

"वजन उतरलंय माझं. ताकद वाढलीय. अंगात रक्त भरायचं तर मटणासारखं दुसरं काही नाही."

वाढायला उभी असलेली त्याची बायको वैजू हे ऐकून थबकली. तिला सातवा महिना होता. रक्त फार कमी आहे, असं डॉक्टरीणबाईंनी परवाच रणधीरसमोर सांगितलं होतं. पण या घरात बायका मागनं जेवायच्या, आणि रणधीरचं हे खूळ सुरू झाल्यापासून मागं उरायचा तो फक्त रस्सा.

"वैजू, अजून चार फोडी टाक."

तिचं डोकंच फिरलं. पातेलं आणि रिकामं ताट घेऊन तिनं त्याच्या शेजारीच बसकण मारली आणि उरल्यासुरल्या सगळ्या फोडी स्वतःला वाढून घेतल्या.

"एवढं सगळं कळतंय ना तुम्हाला? मग माझ्या रक्ताचं काय? कधीपासून नुसतं पाणी ओरपतेय मी!"

"अगं, आमचं होऊ दे तरी!" रणधीर भडकला. "आई, सांग हिला काहीतरी."

सासूबाई आतनं आल्या. त्यांच्याही हातात ताट होतं.

"सरक तिकडं," त्या मुलाला म्हणाल्या.