भरतीआधीचा फोटो

समुद्र पाहून आल्यापासून आमचे शेजारी भार्गवराव आदिलाबादेत मावेनासे झालेत. मालवणला त्यांनी शंख, खेकडे, प्रवाळ, जे हाललं नाही त्याचा फोटो काढला. भिंतीवर मात्र एकच मोठा करून लावला: खडकातल्या डबक्यात तारामासा न्याहाळत उभी त्यांची लेक स्वरा. पाणी घोट्यापर्यंत.

आल्यागेल्याला चहाआधी फोटो.

"कोळी म्हणे, भरती येते, निघा," ते हसून सांगत. "पाऊस नाही तर पाणी काऊन चढंल? आपण काय तलाव पाह्यला नाही?" आणि भरती यायच्या आत यांनी परतीची गाडी धरली.

रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा फोटोत पाणी गुडघ्यापर्यंत होतं.

"भार्गवराव, पाणी चढलं."

"चष्मा बदला तुमी."

चहा आला, तोवर तारामासा दिसेनासा झाला होता. पाणी कमरेला. माझी बशी रिकामी झाली तेव्हा छातीला. भार्गवराव फोटोकडे पाठ करून मला प्रवाळ शिकवत होते. त्यांना थांबवणं समुद्रालाही जमलं नसतं.

खाली सतरंजीवर स्वरा गृहपाठ करत होती. एकाएकी ती उठली, खुर्चीवर चढली, चवड्यांवर उभी राहिली आणि तिनं हनुवटी वर केली.

"खाली उतर," भार्गवराव खेकसले. "काकांसमोर काय करून राह्यली हे?"

स्वरानं ओठ घट्ट मिटले आणि श्वास धरला.