वाकलेली पट्टी

मुलीनं स्टार्टर मारला आणि तिच्या टर्नर बापानं प्लग काढलेल्या भोकाशी कान नेला. फस्. मग दोनदा नुसती हवा. पुन्हा एक फस्, पुन्हा हवा. एका चकरेत तीन फुसकारे सारखे यायला हवे होते. त्यानं हात वर करून तिला थांबवलं.

"आतलं सील गेलं," तो म्हणाला.

या इंजिनात पिस्टन नव्हते. कमरेत दाबल्यासारख्या घेरात तिकोनी रोटर फिरायचा आणि त्याच्या टोकांवरच्या बारीक पट्ट्या भिंतीला घासत दाब धरून ठेवायच्या. त्याच पट्ट्यांना सील म्हणतात. पट्टी फुटली की तिचे तुकडे भिंत ओरबाडून काढतात, आणि तशी भिंत बनवणं कंपनीनं केव्हाच सोडलं होतं. भिंत गेली असेल तर गाडी भंगारात जाणार होती. पुढच्या महिन्यात मुलीची पहिली शर्यत होती, तीही गेली असती.

गाडी तिच्या आईची. इंजिन शेवटचं बांधलं तेही आईनंच. ती जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं.

पट्ट्यांवरून नवराबायकोत किती दिवस वाजलं होतं ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तो म्हणायचा, पोलादाची घाल, वाकेल पण फुटणार नाही. तिला सिरॅमिक हवं होतं. हलकं, कडक, कितीही पळवा. तुझी पट्टी तुझ्यासारखीच आहे, ऊठसूट वाकते, असं ती त्याला चारचौघांत सुनवायची. शेवटी सिरॅमिकच घातलं म्हणून तिनं शर्यतीतल्या सगळ्यांना कॉलर ताठ करून सांगितलं आणि त्यानं नाद सोडला.

दुपारी मुलीचा मामा दोन पाकिटं घेऊन आला. त्याचं सुट्या भागांचं दुकान होतं. एका पाकिटात सिरॅमिक, दुसऱ्यात पोलाद. भाचीनं सिरॅमिकचं पाकीट आधीच काखोटीला मारलं. आईनं घातलं तेच घालणार, यावर ती सकाळपासून अडून बसली होती. मामानं इंजिन खोलायच्या आधीच निकाल दिला.

"सिरॅमिक फुटलंय म्हणजे आत मिक्सर फिरलाय, भावोजी. भंगारवाल्याला आत्ताच बोलावून ठेवू का?"

टर्नरनं पाना उचलला. लांबलचक बोल्ट त्यानं एक एक करून सैल केले. मुलीनं त्याच्या हातातला पाना जवळजवळ ओढून घेतला आणि उरलेले स्वतः काढले. झाकण निघालं. रोटर बाहेर आला. भिंतीकडे बघायला मात्र कुणी पुढे होईना. मामा उगाच टॉर्च पुसत बसला.

मग मुलीनंच वाकून आत बोट घातलं आणि भिंतीवरून नख फिरवत नेलं. सावकाश, पूर्ण घेर. परत एकदा, उलट्या बाजूनं.

"बाबा, नख अडकत नाही."

त्यानं तिला बाजूला सारलं आणि स्वतःचं नख फिरवलं. आरशावरून फिरावं तसं ते फिरलं. मामानं टॉर्च आत धरला आणि तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. एक ओरखडा नाही. मुलगी त्या ग्रीसच्या हातांनीच बापाच्या गळ्यात पडली.

"थांब, थांब," तो म्हणाला. "फुटलं असेल तर तुकडे कुठे गेले?"

तुकडे नव्हतेच. रोटरच्या एका टोकाला पट्टी जागेवर होती, सबंध. फक्त उन्हात राहिलेल्या प्लास्टिकच्या फुटपट्टीसारखी तिला कमान आली होती. टर्नर तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं लेथवरचं चुंबक आणलं आणि पट्टीजवळ धरलं.

टक्. चिकटलं.

सिरॅमिकला चुंबक चिकटत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. टर्नरनं उरलेल्या दोन्ही पट्ट्यांना चुंबक लावून पाहिलं. टक्, टक्. दर वेळी मुलगी जास्तच हसत होती. मामा तर स्टूलवरच बसला. सिरॅमिकचं पाकीट तेव्हा बहिणीनं त्याच्याकडूनच नेलं होतं, घासाघीस करून. आणि या पोलादाच्या दुसऱ्याच कुणाकडून गुपचूप आणल्या होत्या. सख्ख्या भावाला गंडवलं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि डोळे पुसत होता.

मुलीनं बाजूला ठेवलेलं सिरॅमिकचं पाकीट त्याच्या मांडीवर टाकलं आणि पोलादाचं फाडलं.

"शर्यतीत लोक विचारतील," मामा म्हणाला. "काय सांगशील?"

"सिरॅमिक," ती म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही.

टर्नरनं नवी पट्टी शेगड्याच्या जबड्यात आवळून धरली. टोकं घासून ती मापात आणायची होती. त्यानं कानस उचलली. मागे मामा-भाचीचा गोंधळ चालूच होता. भिंत वाचली होती, गाडी धावणार होती, आणि इतक्या दिवसांचं भांडण तोच जिंकला होता. बायकोसमोर उभं राहून "काय म्हणालो होतो मी?" एवढं विचारायचं तेवढं राहिलं होतं.